दोन खिडक्या, दोन फुलदाण्या

हॉटेलात तिला सगळे फुलंताई म्हणत. खरं तर ती लागली होती इस्त्रीखात्यात, चादरी आणि उशांचे अभ्रे कडक करायला. पण फुलं लावणारी बाई एक दिवस काम सोडून गेली आणि हॉलमधल्या फुलदाण्या तशाच राहिल्या. चौथ्या दिवशी पाण्याला असा वास सुटला, की पाहुणे नाकाला रुमाल लावूनच आत शिरायला लागले. कोणीतरी इस्त्रीवालीला हाक मारली, "जरा ते उपसून टाक गं." तिने उपसलं, फुलदाण्या घासल्या, आणि जी फुलं अजून जीव धरून होती ती निवडून पुन्हा लावली. ती आणखी चार दिवस टिकली. मग तिला इस्त्रीकडे कोणी परत पाठवलंच नाही.

तिला शिकवलं हॉटेलच्या बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याने. तोंडाने फटकळ, पण हात असा हळुवार की पाकळीला कळू नये. "फूल कापलं की त्याला तहान लागते, पोरी," तो म्हणायचा, "आणि तू बोथट कात्रीने त्याचा गळाच चेचतेस!" म्हणून चाकू धारदार हवा, काप तिरका हवा, आणि तोही देठ पाण्यात बुडवून. पाण्यात जाणारं एकही पान ठेवायचं नाही, ते कुजतं आणि सगळं पाणी नासवतं. पिकल्या फळांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवली तर तो ओरडायचाच. फळांजवळ फुलं लवकर म्हातारी होतात, हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

तिचं लग्न होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. नवरा एका कारखान्यात लेथवर होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत, आणि ती पण चिडली की मिस्त्रीच म्हणे. एका दुपारी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण माणूस मिटला. कारखान्याने हत्यारांच्या खोलीत बसून करायचं काम देऊ केलं, तर म्हणाला, "मला दया नको." दिवसभर खिडकीशी बसायचा, हात खिशात घालून. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर विचारायचाही नाही. तिला वाटे, याने भांडावं तरी. आधी तो किती कडकडून भांडायचा!

हॉटेलात सोमवारी आणि गुरुवारी ताजी फुलं येत आणि जुनी कचऱ्यात जात. एका गुरुवारी तिने त्यातली बरी बरी कार्नेशन्स आणि शेवंती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली.

"हा कचरा घरात कशाला?" मिस्त्री म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"कचरा नाही. आठ दिवस टिकतील."

"आठ? उद्या सकाळी माना टाकतील बघ."

"लावा पैज."

त्याने पैज लावली नाही, पण दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा खुर्ची फुलदाणीकडे वळलेली होती. आठव्या दिवशी फुलं ताठ उभी होती. नवव्या दिवशी ती आली तर पाणी बदललेलं, देठ नव्याने कापलेले, आणि काप इतका एकसारखा की तिने देठ हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला.

"हे कोणी केलं?"

मिस्त्रीने टेबलाखालून एक लाकडी ठोकळा काढला. त्याला तिरकी खाच होती. देठ खाचेत बसवायचा, ठोकळा बादलीत बुडवायचा, आणि डाव्या हाताने चाकू फिरवायचा. "देठ धरायला बोटं लागत नाहीत," तो म्हणाला. "तुझा काप दर वेळी वेगळा पडतो. बरोबर पंचेचाळीस अंश पाहिजे."

"फुलांना काय अंश कळतात?"

"मला कळतात ना!"

तिथून जी वादावादी सुरू झाली ती पुढे कित्येक वर्षं चालली. घराला दोन खिडक्या होत्या. एका खिडकीत तिची फुलदाणी, दुसऱ्या खिडकीत त्याची. फुलं मोजून अर्धी अर्धी. ती पाण्यात चमचाभर साखर घाली आणि लिंबू पिळी. तो म्हणे, हे सरबत झालं. एकदा त्याने कपडे पांढरे करायच्या औषधाचा थेंब आपल्या फुलदाणीत टाकला, तेव्हा ती किंचाळलीच, "अहो, विष घालताय फुलांना!" पण पाच दिवसांनी तिचं पाणी गढूळ झालं होतं आणि त्याचं मात्र काचेसारखं नितळ. तिने गुपचूप आपल्या पाण्यातही थेंब टाकला. त्याने पाहिलं. "चोरी केलीस," म्हणाला, आणि हसला. ते हसू ऐकायला शेजारीण दारात येऊन उभी राहिली, खरंच!

मग त्याने तिची साखर आणि लिंबू उचललं. एका शेवंतीने सव्वीस दिवस काढले. कॅलेंडरवर त्याने डाव्या हाताने सव्वीस ठिपके काढले होते, वाकडेतिकडे. तो हिवाळा संपता संपता मिस्त्री स्वतःहून कारखान्यात गेला आणि हत्यारांच्या खोलीतली ती जागा मागून घेतली. जाताना एवढंच म्हणाला, "संध्याकाळी येईन, तोवर माझ्या खिडकीला हात लावू नकोस."

अशी बरीच वर्षं गेली. मग हॉटेलात नवे मॅनेजरसाहेब आले आणि त्यांच्याबरोबर खोकी आली. खोक्यांत कापडाची आणि प्लास्टिकची फुलं. "ताई, आता पाणी नको, कापाकापी नको. फक्त ब्रशने झटकत जा," साहेब म्हणाले. ती झटकत राहिली. घरी दोन्ही खिडक्या रिकाम्या पडल्या. मिस्त्री म्हणाला, "विकत आणू." पण विकतच्या ताज्या फुलांत काय मजा? त्या दोघांना टाकलेली फुलंच जगवायची सवय.

आणि एकदा एक वयस्क पाहुणी काउंटरवरच्या गुलाबावर वाकली, डोळे मिटून श्वास घेतला, आणि वास न आल्यामुळे तशीच सरळ झाली. फुलंताईला वाटलं, आपण कुणाला तरी फसवलं. दुसऱ्या सकाळी ती बागेत गेली. म्हातारा माळी आता नव्हता, पण त्याने लावलेली झुडपं होती. तिने पाच गुलाब कापले आणि काउंटरवरच्या प्लास्टिकच्या गुलाबांत मिसळून दिले. फुलदाणीत पाणी भरलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

चार महिने ती असेच नवे गुलाब मिसळत राहिली. एका सकाळी साहेब काउंटरशी उभे असताना एक मधमाशी आली आणि त्या फुलांवर बसली. साहेब खूश झाले. एका पाहुण्याला म्हणाले, "बघा, आमची फुलं इतकी हुबेहूब आहेत की मधमाशी पण फसली!" फुलंताई खाली बघून ब्रश फिरवत राहिली. पण मधमाशी हलेना. एका गुलाबावरून उठायची आणि पुन्हा खऱ्याच गुलाबावर बसायची. साहेबांनी वाकून पाहिलं, बोट फुलदाणीत घातलं, ओलं बोट बाहेर काढलं.

"ताई, प्लास्टिकला पाणी कशाला घालता?"

"त्यांना नाही साहेब. मधल्या पाचांना."

साहेबांनी ओलं बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाले, "काउंटरवर खरीच राहू देत. बाकीची राहू देत तशीच." एवढं बोलून ते वळले. त्या दिवसापासून बागेतून काउंटरसाठी फुलं येऊ लागली, आणि सोमवार-गुरुवारची जुनी फुलं पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी जाऊ लागली. थोडीच असत. दोन दोन वाट्याला येत. तरी भांडण पूर्वीइतकंच.

ती निवृत्त झाली त्याच्या पुढच्या वर्षी मिस्त्री गेला. झोपेतच. त्याच्या खिडकीत त्या वेळी हॉटेलातून कोणीतरी आणून दिलेल्या दोन लिली होत्या, एक उमललेली, एक कळी. तिने त्यांचं पाणी तेरा दिवस बदललं. कळी उघडली तेव्हा तिने खिडकी उघडली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी तिने आयुष्यात पहिल्यांदा दुकानातून फुलं विकत घेतली. पिवळी शेवंती, सहा काड्या. दुकानातली मुलगी कागद गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आजी, पाणी एक दिवसाआड बदलायचं हं. देठ तिरके कापायचे. आणि फळांजवळ नका ठेवू, लवकर सुकतात."

"हो का?" फुलंताई म्हणाली. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मुलगी किती मनापासून सांगत होती. "आणि बाळ, सकाळी बदलायचं का संध्याकाळी?"

"सकाळी, आजी. म्हणजे दिवसभर बघता येतात."

हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती घराकडे निघाली.