आम बावडी

आमची गल्ली लातूरच्या जुन्या बाजारामागून उतरत जायची. वरच्या टोकाला आडत्यांची दगडी घरं, खालच्या टोकाला आमच्यासारख्यांची पत्र्याची, आणि मधोमध बावडी. पाऊस आला की वरचं सगळं घाण पाणी आमच्या दारात. प्यायचं पाणी मात्र चढ चढून आणावं लागायचं.

बहात्तरच्या दुष्काळात बावडी तळाला गेली. वरच्या एका आडत्यानं, त्याला सगळे अप्पा म्हणायचे, तिच्याभोवती भिंत घातली आणि फाटकाला कुलूप लावलं. मी अकरा वर्षांची होते. एका सकाळी फाटक उघडं दिसलं म्हणून आईनं आत जाऊन घागर भरली. निघताना अप्पा आडवा आला.

"ओत ती परत."

"अप्पा, घरात लेकरं तहानेली हायत. बावडी तर सगळ्यांची हाय."

"कुठं लिहिलंय? माझ्या जागेत हाय. ओत म्हनलं ना."

आईनं घागर बावडीत रिकामी केली. गल्लीतली दहा-बारा माणसं बघत होती. तो सगळा उन्हाळा आम्ही स्टेशनजवळून पाणी वाहिलं. 'कुठं लिहिलंय' एवढंच माझ्या डोक्यात घट्ट बसलं.

पुढे पाऊस झाला, भिंत तशीच राहिली. मी जिद्दीनं शिकले. लातूर जिल्हा झाला, नवी ऑफिसं उघडली आणि मोजणीच्या ऑफिसात मला नकाशे उतरवायचं काम मिळालं. शहराची नव्यानं मोजणी चालू होती. एक दिवस आमच्याच गल्लीचा कागद माझ्या टेबलावर आला. बावडी अप्पाच्या जागेत दाखवली होती.

मी तो कागद दाबून ठेवला. जुन्या जिल्ह्याकडून आलेले गठ्ठे रोज जेवणाच्या सुट्टीत सोडत बसले. तिसऱ्या आठवड्यात निजामाच्या काळातला उर्दू नकाशा सापडला. मला उर्दू येत नव्हतं. बावडीजवळची अक्षरं जशीच्या तशी उतरवून घरी नेली. वडील उर्दू शाळेत शिकलेले. चष्मा लावून ते म्हणाले, "आम बावडी. म्हंजे सगळ्यांची."

आई डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुन्हा वाचा."

मी साहेबांपुढे दोन्ही नकाशे ठेवले. नोटीस निघाली. अप्पा ऑफिसात आला, काठी टेकत. समोर खुर्ची रिकामी होती. मी बसा म्हटलं नाही.

"ताई, तू आपल्या गल्लीतली. जरा सांभाळून घे."

मी नकाशा त्याच्याकडे फिरवला. "इथं लिहिलंय, अप्पा."

त्याला उर्दू येत होतं. त्याचे ओठ हलले, मग थांबले. तो उभाच होता आणि मी दुसरं काम हातात घेतलं, मुद्दाम.

भिंत पाडली त्या दिवशी मी रजा काढली. उन्हात उभी राहून शेवटचा दगड हलेपर्यंत बघितलं. अप्पा भिंतीकडे पाठ करून ओट्यावर बसला होता. त्याच्या सुनेनं मला हात जोडले, मी नजर वळवली. पुढच्या वर्षी ते घर विकून निघून गेले. माझ्यामुळे गेले, असं गल्लीत म्हणायचे. मी कधी नाही म्हटलं नाही. मला वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.