साडूंचा सॉफ्टबॉल

चेंडू कमरेखालूनच सोडायचा, यावर माझ्या साडूंची जेवढी श्रद्धा होती तेवढी लोकांची देवावरही नसते. चाकणकडच्या शेतकरी घरातला हा माणूस पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात बॉयलरवर लागला, तेव्हा स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. यंत्रं बसवायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरने संध्याकाळी चौघांना सॉफ्टबॉल शिकवला आणि तो मायदेशी निघून गेला. बाकीचे तिघे आठवड्याभरात शुद्धीवर आले, साडू काही आले नाहीत. आळंदीच्या बसच्या रांगेतही ते रहाटासारखा गरकन हात फिरवत, त्यामुळे रांगेत त्यांच्या मागे कुणी उभं राहत नसे. आमच्या धाकट्या मेव्हणीच्या लग्नात त्यांनी अक्षताही तशाच टाकल्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरदेव डोळा चोळत होता.

हातापाया पडून त्यांनी माझ्यासकट कारखान्यातली नऊ माणसं जमवली, पण सगळी क्रिकेटवर वाढलेली. फटका मारला की बॅट टाकून पळायचं, हे कुणाच्या अंगवळणी पडेना. जो तो बॅट घेऊन धावे आणि बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या त्या चौकोनी गादीवर, पाय ठेवण्याऐवजी लांबूनच बॅट टेकवी. साडू ओरडत, "आवं, बॅट न्हाई, पाय! पाय टेकवा!"

मैदान एकच, आणि क्रिकेटवाल्यांचाही त्यावर डोळा. कारखान्याच्या साहेबांनी निकाल दिला, "लष्कराच्या सॉफ्टबॉल संघाला हरवा, मैदान तुमचं. हरलात तर क्रिकेटचं." साडूंचं जेवणातलं लक्ष उडालं.

सामन्यात त्यांनी जवानांना चेंडू धड दिसू दिला नाही. तरी अखेरीस आम्ही एका धावेने मागे होतो आणि शेवटचा गडी म्हणून साडूच फटका मारायला उभे राहिले. चेंडू सणसणत गेला, अडवणाऱ्याच्या हातून निसटला. साडू धावत सुटले, पण बॅट हातातच! दोन हात अंतरावरून त्यांनी ती बेसवर टेकवली आणि हायसं वाटून थांबले. तेवढ्यात चेंडू बेसवरच्या जवानाच्या हाती पोचला. पंचांनी बाद दिलं. आमच्यातलं कुणीही हसलं नाही.

पुढच्या रविवारी क्रिकेटवाल्यांचा रोलर ओढायला माणसं कमी पडली, तर साडू आपणहून गेले. मला राहवेना, म्हणून मीही गेलो. वर्षभर चेंडू टाकताना त्यांचा पाय घासून मैदानात एके ठिकाणी खळगा पडला होता. त्यात त्यांनी घमेलंभर मुरूम ओतला आणि पायाने दाबू लागले.

"राहू द्या हो, ते बुजवतील," मी म्हणालो.

"नगं पाव्हणं. उगा कुनाचा पाय मुरगाळंल."

मी रिकामं घमेलं धरून उभा होतो. मला त्यांच्याकडे बघवेना.