सदा मेस्ताचं गॅरेज आणि न ओढणाऱ्या गाड्या

गॅरेजवाल्याकडे किस्से मागावे लागत नाहीत. गाडी एक भानगड घेऊन येते आणि गाडीचा मालक दुसरी. पहिली आम्ही दुरुस्त करून परत पाठवतो, दुसरी आमच्याकडेच राहते. डिचोलीला मयेच्या रस्त्यावर माझ्या मामाचं गॅरेज आहे, तिथे मी इतकी वर्षं काढली, म्हणजे विचार करा!

मामा म्हणजे सदा मेस्त. उभा जन्म खाणीवरच्या टिपर ट्रकांखाली पडून दुरुस्तीत गेला. खाणी बंद पडल्या, टिपर दारोदार गवतात रुतून उभे राहिले आणि आमच्या शटरसमोर कुत्रंसुद्धा बसेना. मी तेव्हा डिप्लोमा करून, स्कॅनर घेऊन नुकताच मामाकडे आलो होतो. म्हटलं, टर्बोच्या छोट्या गाड्या करू. मामा म्हणाला, टिपरवाल्याच्या हातात कोण आपली कार देणार? पण शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, बघू, नाही जमलं तर जागा विकून मोकळं होऊ. हे बोलताना तो माझ्याकडे नाही, पान्यांच्या पेटीकडे बघत होता. मला फार वाईट वाटलं.

*

पहिली गाडी आली मयेच्या एका बाईंची. शाळेत शिक्षिका. डिझेल गाडी, चढणीला ओढत नाही. मी ऐटीत स्कॅनर लावला. बूस्ट कमी, म्हणजे टर्बो इंजिनात हवा पुरेशी ढकलत नाही. मी लगेच जाहीर केलं, टर्बो गेला!

बाईंचा चेहरा उतरला. मामाने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "मशीन सांगता काय झाला ता. खंय झाला ता सांगणा नाय."

मग त्याने गाडी चालू करायला लावली, आत हात घातला आणि एक बारीक रबरी नळी बोटाने चाचपत गेला. टर्बोला कमी-जास्त करणारी दांडी ह्या नळीतल्या हवेच्या ओढीवर हलते. नळी मध्येच कुरतडलेली. उंदीर! आता बॉनेटखाली उंदराला काय मिळणार? मामाने डिकी उघडली आणि सगळा उलगडा झाला. बाईंनी पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे बेगमीचं सामान, भरलं होतं. सुके बांगडे, सुंगटं, गालमो. घरात सासूबाईंना वास सोसत नाही म्हणून सगळी सुकी मासळी गाडीत!

नळी पाच मिनिटांत बदलली. दुसऱ्या आठवड्यात बाई परत आल्या, तीच नळी, तेच दात. मामाने विचारलं, मासळी काढली ना? बाई म्हणाल्या, बांगडे काढले, सुंगटं ठेवलीत.

*

हवा कुठून गळते ते शोधायला पाइपात धूर सोडतात. त्याचं यंत्र मिळतं, पण आमच्याकडे कुठलं? मामाने घरातलं धुपाटणं आणलं. निखारे, वर धूप, आणि पायाच्या पंपाने धूर पाइपात. जिथून धूर बाहेर येईल तिथे भोक, इतकं सोपं.

गणेश चवथीच्या आधी तेरेखोलकडचा एक गृहस्थ आला. तोपर्यंत त्याची तीन गॅरेजं फिरून झाली होती. आम्ही कामाला लागलो. मामा पुढे वाकून पंप मारतोय, मी धुपाटणं धरलंय, सगळीकडे घमघमाट. मागे वळून बघतो तर गृहस्थ चपला काढून, हात जोडून उभा! तेवढ्यात एका रबरी कोपऱ्यातून धुराची सुरेख रेघ वर आली. त्याने तिथेच गाडीला नमस्कार केला.

मी सांगायला निघालो की ही पूजा नाही, टेस्ट आहे. मामाने डोळ्यांनी गप्प केलं. कोपरा बदलला, गाडी सुतासारखी सरळ झाली. चार दिवसांनी तो माणूस नारळ घेऊन परत आला आणि सोबत त्याच्या भावाची गाडी. तिचा टर्बो ठीक होता, गिअर पडत नव्हते. तरी म्हणाला, आधी धूप दाखवा.

*

दसऱ्यानंतर सावंतवाडीकडचा एक टॅक्सीवाला आला. रडकुंडीला आलेला. "मेस्तानू, पूजा केलंय त्या दिसापासून गाडी ओढणा नाय. देवाचा काय चुकला माझ्याकडसून?"

बॉनेट उघडलं. गडी भाविक. बॅटरीला हळद, रेडिएटरला कुंकू आणि गाडीत सगळ्यात जास्त कष्ट टर्बो करतो म्हणून लिंबू-मिरची थेट टर्बोला! तीही चांगली तांब्याच्या तारेने, त्या हलणाऱ्या दांडीवर करकचून. दांडी हलेल कशी?

मला हसू आवरेना, मी पाणी प्यायला म्हणून आत पळालो. मामा मात्र हसला नाही. त्याने पक्कडीने तार सोडवली, लिंबू पुढच्या बंपरला बांधलं आणि टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की देवाचं काही चुकलेलं नाही, फक्त लिंबाला वारा लागत नव्हता. टॅक्सीवाला हसत गेला आणि पुढे महिनाभर त्याच्या लायनीतल्या टॅक्सी येत राहिल्या. खाणी बंद पडल्यापासून गाणं विसरलेला मामा परत गुणगुणायला लागला होता.

*

आता माझाच किस्सा. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आमोण्याच्या एका निवृत्त बँकवाल्या काकांची गाडी मी एकट्याने केली. बूस्ट सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हच्या दोन नळ्या काढल्या आणि लावताना उलट्या लावल्या. गाडी भन्नाट पळाली आणि ऐन पुलावर, हवा जास्त झाली म्हणून, इंजिनाने स्वतःला वाचवायला जोरच काढून घेतला. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा गोंगाट आणि आत बिचारे काका-काकी.

काका तणतणत आले. मी तोंड उघडायच्या आत मामा पुढे झाला आणि म्हणाला, "माझोच हात चुकलो." काकांनी मग चारचौघांत सांगितलं, सदाचा हात आता चालत नाही. बाजारात ते पसरायला कितीसा वेळ लागतो? गाड्या पुन्हा थांबल्या.

मामा तडक घरी गेला. मामीची लाल नेलपॉलिशची बाटली आणून माझ्या हातात दिली, एवढंच. आधी खूण करायची, मग नळी काढायची. शिगम्याला तीन आठवडे होते आणि त्याच संध्याकाळी त्याने जागा मागणाऱ्या एकाला फोन केला.

*

जागा घेणारा पेडण्याचा फर्निचरवाला. मोजमाप घ्यायला टेप घेऊन स्वतः आला, नव्या पेट्रोल टर्बोमधून. गाडी अजून वळणावर होती तेवढ्यात तिची बारीक शिट्टी ऐकून मामाने मान वर केली.

फर्निचरवाला उतरला. मामाने जागेचं काही बोलायच्या आधी विचारलं, चोर्ल्याच्या घाटात गाडी मरते ना? त्याने चटकन मान हलवली. एका मोठ्या वर्कशॉपने त्याला टर्बोच बदलायला सांगितला होता.

मामाने मला इंजिन रेस करायला लावलं आणि आत बोट दाखवलं. एका पाइपाला क्लॅम्पच्या खाली चीर होती. गाडी उभी असताना मिटलेली, रेस केली की उघडायची. मामाने तेवढा तुकडा कापला, पाइप ओढून परत बसवला आणि म्हणाला, जाऊन या.

तो मयेच्या चढावावर जाऊन आला. उतरला तेव्हा गाल लाल झाले होते. मग आपण कशाला आलो ते आठवून त्याने टेप उघडली, एक टोक शटरपाशी मला धरायला दिलं आणि तो टेप सोडत भिंतीकडे निघाला. मी टोक धरलं. मामा पाठ करून पाने पेटीत भरत होता.

फर्निचरवाला मध्येच थांबला. "पण मेस्त, उद्या परत गाडी मेली, तर मी जायचं कोणाकडे?"

मामा वळला. त्याने फर्निचरवाल्याच्या हातातली टेप काढून घेतली, बॉनेटखाली वाकला, तो पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला आणि मला म्हणाला, "म्हापशाक जा आणि एवढो पाइप घेवन ये. ह्यांचो दोन म्हयन्यांत परत फाटतलो."