दुपारचं शिल्लक इंटरनेट

पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही खाली राहायचो आणि वर काकू. त्या नागपूरच्या. काका अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे काकूंना घर सोडता येत नसे. ब्रॉडबँड आमच्याकडे होतं आणि पासवर्ड त्यांच्याकडेही. विरजण, शिडी, वर्तमानपत्र सगळंच दोन्ही घरांत फिरायचं, तसंच हे.

त्या वर्षी मला जगाचं भलं करायचा झटका आला होता. एका विकेंद्रित नेटवर्कसाठी मी घरी नोड चालवत होतो. म्हणजे आपल्याला न लागणारं इंटरनेट द्यायचं आणि कुठल्या तरी अनोळखी माणसांचे संदेश आपल्या कॉम्प्युटरमधून पुढे जाऊ द्यायचे. दुपारी बाबा कारखान्यात, आई शाळेत, म्हणजे सगळी लाइन शिल्लक, असं धरून नोडनं किती इंटरनेट वापरावं यावरची दुपारची मर्यादाच मी काढून टाकली. मित्रांत त्याचा टेंभाही मिरवला. काकू इतक्या घरच्या, की त्यांना वेगळं धरायचं मला सुचलंच नाही.

त्यांच्या नातीचं बारसं नागपूरला होतं, नेमकं दुपारी. आजीनं व्हिडिओ कॉलवरून पाळणा म्हणायचा असं लेकीनं ठरवलेलं. फोन धरायला काकूंनी मला वर बोलावलं. त्या ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. चित्र अगदी स्वच्छ येत होतं. नाव ठेवून झालं आणि लेक म्हणाली, "आई, म्हण आता."

काकूंनी डोळे मिटून सुरुवात केली. तिकडच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "आई, आवाज नाही येत," लेक दोनदा म्हणाली, पण काकू गाण्यात होत्या. शेवटी विहीणबाईंनी आपला पाळणा सुरू केला. तो ऐकून काकूंनी डोळे उघडले आणि कडवं अर्धवट सोडलं.

मला तेव्हा कळलं. येणारं सगळं येत होतं. जाणारी वाट माझ्या नोडनं अडवली होती. धावत खाली जाऊन तो बंद करून परत येईपर्यंत तिकडे पेढे वाटत होते.

"माझाच फोन जुना झाला," काकू म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर न करता मी त्यांना सगळं सांगितलं.

"कोणाला देऊन राहिला होता तू?"

"माहीत नाही, काकू. लांबचे कुणीतरी."

काकूंनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांचं तरी बोलणं झालं का रे नीट?"

तेही मला माहीत नव्हतं.