बॉयलर पेटण्याआधीची पेज

"सावंत! परदेशी पाहुण्याला पेज? तो काय तापातून उठलाय?"

आमचे प्लँट मॅनेजर परांजपे साहेब असे ओरडले, की पनवेल स्टँडवरच्या एसट्या आपोआप रिव्हर्समध्ये गेल्या असतील.

नव्वदीची सुरुवात. तळोज्याच्या एका कारखान्यात माझा कँटीनचा कॉन्ट्रॅक्ट होता. नवा बॉयलर चालू करून द्यायला स्कॉटलंडहून एक इंजिनियर आला होता. विजेच्या खांबाएवढा उंच. आम्ही त्याला मॅकसाहेब म्हणायचो. नाश्त्यासाठी त्याने स्वतःचे ओटमीलचे डबे आणले होते.

ओटमील म्हणजे जईची भरड. जई आपल्याकडे घोड्यांना घालतात. पनवेलच्या टांगेवाल्यांना कळलं असतं तर घोड्यांचाच मोर्चा आला असता.

डबे पाहताच परांजप्यांचा हुकूम सुटला होता, "तूप, साखर, वेलची, काजू. हात आखडू नका!" मी त्या ओटमीलचा असा शिरा केला, की सत्यनारायणाने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली असती. मॅकसाहेबाने एक चमचा खाल्ला, मिशी पुसली आणि उठला. दुसऱ्या दिवशी मी केशर घातलं. त्याने चमचासुद्धा उचलला नाही. उपाशीपोटी फिटरांवर खेकसला, "खाल्ल्याशिवाय मी व्हॉल्व्हला हात लावणार नाही!"

परांजपे मला म्हणाले, "उद्या त्याने खाल्लं नाही, तर कँटीन दुसऱ्याला."

मग अख्ख्या कारखान्यात कुणी केलं नव्हतं ते मी केलं. सरळ त्यालाच विचारलं. माझं इंग्रजी म्हणजे तोफखाना. "सर, युवर होम, हाऊ मेकिंग?"

"वॉटर. सॉल्ट. अँड स्टर," तो म्हणाला.

म्हणजे पाणी, मीठ आणि ढवळणं. संपली रेसिपी!

माझा आचारी नामा जवळच्याच ओवे गावचा. त्याने कपाळाला हात लावला. "शेट, ही तर आमची पेज. पावन्याला कोन पेज देतं? गावात तोंड दाखवायला जागा नाय राहनार."

"लाज माझी, पळी तुझी. घोट!"

सकाळी वाडगा टेबलावर गेला. शेजारी लिंबाचं लोणचं, ती माझी स्वतःची चलाखी. नेमके तेव्हाच परांजपे आत आले आणि वर सांगितलेली गर्जना झाली.

"साहेब, मला नंतर हाकला. आधी बघा," मी म्हणालो.

मॅकसाहेबाने वाडगा खरवडला. दुसरा मागितला. तिसरा मागितला. लोणचं तर जॅमसारखं चाटलं. मग बाह्या सरसावून म्हणाला, "नाऊ, द बॉयलर."

दुपारी वाफ चढली. शिटी अशी वाजली, की तिकडे उरणला मोऱ्याच्या धक्क्यावरची लाँच वेळेआधी सुटली म्हणे. बॉयलर त्याने पेटवला हे खरं, पण त्याला पेटवला मी!

जाताना उरलेले डबे तो मलाच देऊन गेला. मी त्या ओटमीलची थालीपिठं लावली. कटलेट तळताना फुटायचे, ते ओटमील घालून बांधले. नामाच्या पाठीला घामोळं होतं, त्यावर ओटमीलचं गाळलेलं पाणी ओतलं, तर पाठ आरशासारखी झाली. भांग पाडून घ्यावा!

मग एके दिवशी भर कँटीनमध्ये मी परांजप्यांना ओटमीलचा अर्थ आणि उपयोग यावर व्याख्यानच दिलं. शेवटी म्हणालो, "आणि साहेब, पाहुण्याला काय आवडतं ते पाहुण्याला विचारावं."

त्यांनी मान डोलावली.

"उद्यापासून मलाही ओटमील द्या," ते म्हणाले. "तूप, साखर, काजू घालून."