शेवट झाल्याशिवाय उठायचं नाही

टॉकीजअक्कांनी मला वाचवलं. हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते नंतर, कारण सांगताना मला अजून धडधडतं.

अक्का येवल्याच्या. नाशिकला द्वारका चौकाजवळ त्यांची खानावळ होती आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही सहा मुली राहायचो. मी नववीत शाळा सोडून थेट गडचिरोलीकडून आलेली, कपड्यांच्या कारखान्यात धागे कापणारी, कडी लावली की नाही हे तीनदा बघणारी. अक्कांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की त्या टीव्हीवर हॉलिवूडचा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा लावायच्या. नेहमी तोच, म्हणून आम्ही त्यांना टॉकीजअक्का म्हणायचो. त्यात एक लाँड्रीवाली असते, आणि एक उंच, बावळट माणूस रोज धुतलेलाच शर्ट पुन्हा धुवायला आणतो. ती रोज त्याला झापते. त्याला बोलायचं असतं भलतंच, आणि तोंडातून निघतं बटणाबद्दल.

बघताना प्रत्येकीपुढे मेथीची जुडी यायची; सोमवारची भाजी निवडून व्हायची. नियम एकच. शेवट झाल्याशिवाय उठायचं नाही.

शेजारच्या टायरवाल्याने एकदा विचारलं, अक्का, इंग्रजी कळतं का? हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तुला तुझ्या बायकोचं मराठी कळतं का?" तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

या नियमामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. लग्नानंतर नवऱ्याने त्यांना नाशिकच्या एका थेटरात हाच सिनेमा दाखवायला नेलं होतं. अक्का पोट धरून हसल्या. बाईमाणसाने चारचौघांत एवढं हसायचं नसतं, म्हणून नवऱ्याने त्यांना मध्यंतरातच दंडाला धरून बाहेर आणलं. "शेवट मला बावीस वर्षांनी कळला," त्या म्हणाल्या. "लेकीनं सीडी आणली तवा. लय रडले मी. अन् त्यात रडायचं काय नायच."

मला मात्र शेवट माहीत असणंच आवडायचं. फोन वाजला तरी दचकणाऱ्या माणसाला तेवढाच आधार. तरी शेवटी तो बावळट शर्ट घेऊन लग्नाचं विचारायला दारात उभा राहिला की दर रविवारी वाटायचं, आज ही नाही म्हणाली तर? तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि ती सावकाश ठरवते. हे कधी शिळं होत नाही. निदान ज्यांना कोणी विचारलंच नाही, त्यांच्यासाठी तरी.

मलाही विचारलं नव्हतं. काका फोनवर स्थळाबद्दल बोलले, मी भीतीने "बघू" म्हटलं, आणि घरच्यांनी तोच होकार धरला. एका रविवारी काका मुलाला घेऊन खानावळीत हजर झाले. तारीख पक्की करूनच जाऊ, म्हणाले. अक्कांनी त्यांना बसवलं, पोहे दिले, आणि सिनेमा लावून मुलापुढेही मेथीची जुडी ठेवली.

त्याने जुडी पायाने बाजूला सारली.

पडद्यावर लाँड्रीवालीचे सोड्याने सोललेले हात बघून तो बावळट स्वतः चादर पिळायला लागला होता आणि स्वतःच त्या चादरीत गुंडाळला गेला होता. आम्ही सगळ्या हसलो. मी जरा मोठ्यानेच. मुलगा उठला, टीव्ही बंद केला आणि मला म्हणाला, "पुरे झालं. चल, बाहेर बोलू."

अक्कांचा हात मेथीवरच थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी जुडीतली पुढची काडी उचलली, उठले नाही.

"शेवट राहिलाय," मी म्हणाले. "तुम्ही जा."

काका भडकले. चार बुकं न शिकलेलीला ही थेरं कोणी शिकवली, असं ओरडले. तेव्हा अक्का उठल्या, टीव्ही पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "बसायचं तर मेथी निवडा. नायतर पोरगी काय म्हणली ते ऐका."

ते गेले. घरून वर्षभर फोन आला नाही. मी रडले, पण गेले नाही. आज मी शिलाई मशीनवर बसते.

खानावळ बंद झाली. अक्का येवल्याला लेकीकडे असतात, डोळ्यांना कमी दिसतं. तो सिनेमा मोठ्या पडद्यावर त्यांनी अजूनही अर्धाच पाहिलाय. अक्का, कुठल्याशा थेटरात तो लागेल, नाही लागला तर मी लावायला लावीन. तुम्हांला हाताला धरून नेईन. दिसणार नाही ते कानात सांगीन. तुम्ही पाहिजे तेवढं मोठ्याने हसा. दिवे लागेपर्यंत तुम्हांला खुर्चीवरून कोण उठवतं, तेच मी बघते.