होम सायन्स म्हणजे सायन्स का?

अनुयाला आपल्या डिग्रीचं नाव सांगायची लाज वाटायची. इंग्लंडात साउदॅम्प्टनला येऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी विचारलं की ती "न्यूट्रिशन" म्हणून मोकळी व्हायची. खरं नाव होतं बी.एस्सी. होम सायन्स, नागपूर. बारावीला तिचं मेडिकल थोडक्यात हुकलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "हे घे. कुठंही गेलीस तरी उपयोगी पडेल." मामेभावांनी लगेच तिला 'पोळ्यांची ग्रॅज्युएट' करून टाकलं. ते नाव लग्नाच्या मांडवापर्यंत तिच्या मागं आलं.

नवऱ्याच्या, अंशुमनच्या नोकरीमुळं ती इकडं आली. मुलगी सान्वी शाळेत जायला लागल्यावर तिनं हॉस्पिटलमध्ये डाएटिशियनच्या हाताखाली काम धरलं. वॉर्डावर फिरायचं, कुणाला जेवण जातंय, कुणाला नाही ते पाहायचं, वजनं घ्यायची. काम तिला आवडायचं. पण डॉक्टरांचा राउंड आला की ती रेंगाळायची. ऐकत राहायची.

मीनल नावाची एक डॉक्टर होती, मूळची पुण्याची. ती एकदा म्हणाली, "अनुया, तू रोज माझ्या मागे प्रश्न घेऊन येतेस. मेडिसिनलाच का जात नाहीस?"

"आता? वय बघ माझं."

"इथं ग्रॅज्युएट लोकांसाठी वेगळा कोर्स असतो. माझ्याबरोबर दोन मुलांचा बाप होता शिकायला!"

अनुया हसली आणि घरी येऊन अंशुमनला बोलली. तो चहा गाळत होता. "मग कर की," एवढंच म्हणाला तो. पुढं हिवाळाभर स्वयंपाक त्यानं सांभाळला, भाजीत मीठ कमीजास्त करत. ती प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत राहिली. परीक्षा चांगली गेली. तिनं अर्ज भरला.

आणि विद्यापीठाची ईमेल आली. प्रवेशासाठी डिग्री सायन्सची हवी. होम सायन्स म्हणजे गृहव्यवस्थापन असावं, असं आम्हाला वाटतं. तसं नसेल तर कोणत्या विषयात काय शिकलात ते कळवा.

अनुयाला राग आला नाही. उलट, पकडलं गेल्यासारखं वाटलं. मामेभाऊ म्हणायचे तेच आता साहेबी इंग्रजीत कुणीतरी म्हणत होतं. दोन दिवस ती ईमेल पुन्हा पुन्हा उघडून वाचत होती. सान्वीनं विचारलं, "आई, तुझा डिग्री खोटा आहे का?"

"खोटी नाही गं," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली. एवढ्या ठामपणे हे वाक्य तिनं आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

तिनं नागपूरला मधुमती मॅडमना फोन लावला. त्यांनी तिला बायोकेमिस्ट्री शिकवलेली. आता रिटायर झाल्या होत्या. सांगता सांगता अनुयाला रडू फुटलं.

"काहून गं, रडून राहिली का तू?" मॅडम म्हणाल्या. "माझ्या लॅबमध्ये काय पोळ्या लाटत होती? कॉलेजात जाते मी उद्या. जुना सिलॅबस शिक्का मारून पाठवायला लावते त्यांना."

सिलॅबस आला. त्यावरून अनुया एकेक विषय विद्यापीठासाठी लिहू लागली. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, आहारशास्त्र हे सायन्समध्ये गेले. वस्त्रशास्त्राशी हात थबकला. 'टेक्स्टाइल केमिस्ट्री' म्हणून खपलं असतं. अंशुमन शेजारी बसून म्हणाला, "टाक ना, कापड ओळखायला धागे तर जाळून बघायचात तुम्ही."

"जाळायचो. पण बाकी सगळं शिवणकाम होतं. नको." तिनं वस्त्रशास्त्र आणि गृहव्यवस्थापन बाहेर ठेवलं. बालविकासाचं मात्र ठरेना. निम्मं मेंदूच्या वाढीचं, निम्मं खेळणी आणि गोष्टींचं. शेवटी तिनं तोही बाहेरच ठेवला, खाली दोन ओळींत कारण लिहिलं आणि पाठवून दिलं.

मग वाट पाहणं. तिची झोप उडाली. वॉर्डावर तिनं एका आजोबांचं वजन दोनदा घेतलं, ते म्हणाले, "पोरी, एवढ्यात काही मी जाड होत नाही!"

फोन आला तेव्हा ती हॉस्पिटलबाहेर बसस्टॉपवर उभी होती. प्रवेश विभागातली बाई बोलत होती, अगदी सावकाश. "तुम्ही बालविकास सायन्समध्ये धरला नाहीत. आम्ही धरतो, त्यात मेंदूच्या वाढीचा भाग बराच आहे. तसं तुमचे बाकीचे विषयही पुरेसे होते. तुमची डिग्री आमच्याकडं सायन्सची म्हणून नोंदवली आहे. मुलाखतीची तारीख येईल."

"थँक यू" म्हणताना अनुयाचा आवाज फाटला. बस आली. ड्रायव्हरनं दार उघडून तिच्याकडं पाहिलं; तिनं मान हलवून बस जाऊ दिली. बाकावर बसून ती आधी नुसती श्वास घेत राहिली. छातीवरचं कुणीतरी उठून गेल्यासारखं हलकं वाटत होतं. नागपूरला तेव्हा जेवणाची वेळ झालेली. मॅडमनी फोन उचलला, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मग! आता मुलाखतीत घाबरू नको." मागं कुणीतरी आमटी वाढू का विचारत होतं. "वाढ, वाढ," मॅडम ओरडल्या, "माझी पोरगी डॉक्टर होऊन राहिली!"

मुलाखत व्हायची होती, सगळंच व्हायचं होतं. पण त्या संध्याकाळी अनुया घरी आली ती कोटासकट सोफ्यावर आडवी झाली आणि अशी गाढ झोपली की जेवायला हाक मारली तरी उठली नाही. अंशुमननं सान्वीला टीव्ही बंद करायला लावला.

जागा तिला वसंतात मिळाली. हल्ली पहिल्या वर्षाच्या वर्गात ओळख करून देताना कुणी आधीची डिग्री विचारली, की ती सांगते, "होम सायन्स." समोरचा म्हणतो, "ते काय असतं?" मग ती खुर्ची ओढून बसते आणि सांगायला लागते.